पेपर कुठपर्यंत पोचला ते दाखवणारं ट्रॅकर पेज: ५ पैकी साडेतीन

रिसर्च पेपर सबमिट झाला की काही जर्नलकडून ट्रॅकिंग लिंकचा मेल येतो, त्या पेजबद्दल लिहितेय. सात महिने दिवसाआड तरी उघडलंय मी ते. जर्नलचं नाव घेत नाही, पेपर अजून त्यांच्याकडेच आहे.

माझ्या आधीच्या पेपरला असली लिंक नव्हती. एडिटोरिअल मॅनेजर या पेपर सबमिट करायच्या वेबसाईटवर लॉगिन करायचं, स्टेटस बघायचं, झालं. ‘विथ एडिटर’ लिहिलंय म्हणजे एडिटरने अजून उघडलाच नाही की रिव्ह्यूअर, म्हणजे पेपर तपासणारे तज्ज्ञ, शोधणं चाललंय, यातलं काहीही असू शकतं. ‘अंडर रिव्ह्यू’चंही तसंच, कुठे रिव्ह्यूअरला इन्व्हिटेशन गेलं की लागतं, कुठे त्याने हो म्हटल्यावर, जर्नलने सेटिंग कसं ठेवलंय त्यावर आहे.

या ट्रॅकरवर मात्र आकडे दिसतात. किती जणांना इन्व्हिटेशन गेलं, किती जण तयार झाले, किती रिव्ह्यू आले, आणि खाली शेवटची हालचाल कधी झाली ती तारीख. ४१ दिवस ‘विथ एडिटर’ बघून मी पार खचले होते, मग एका संध्याकाळी तयार झालेल्यांपुढे ‘२+’ दिसलं आणि खरंच डोळ्यांत पाणी आलं, कोणीतरी आपला पेपर वाचायला घेतलाय हे कळणं किती मोठं असतं ते वाट बघणाऱ्यालाच माहीत. पहिला अर्धा स्टार तर त्याच संध्याकाळचा.

आता खटकलं ते. पूर्ण झालेले रिव्ह्यू १ वर आले आणि तिथेच नऊ आठवडे अडकले. मधे एकदा तारीख बदलली, मला वाटलं दुसरा रिव्ह्यू आला, बघते तर आकडा तोच. नवीन इन्व्हिटेशन गेलं तरी तारीख बदलते, पण हे पेजवर कुठेच लिहिलेलं नाही आणि ‘२+’ मुळे दोनाचे तीन झाले की पाच तेही कळत नाही. रिव्ह्यूअरची मुदत उलटलीय का, हे तर दिसतच नाही.

शेवटी मी एडिटरला मेल टाकला. सब्जेक्टमध्ये मॅन्युस्क्रिप्ट नंबर, आत दोनच वाक्यं, पेपर अमुक तारखेला दिलाय, रिव्ह्यूची सध्याची स्थिती कळवाल का. तक्रार नाही, घाई नाही. दोन दिवसांत उत्तर आलं, दुसरा रिव्ह्यूअर हो म्हणून गप्प झाला होता, तिसरा शोधलाय. म्हणजे ट्रॅकरने नऊ आठवड्यांत जे सांगितलं नाही ते एका मेलने सांगितलं, मी उगाच घाबरत बसले की विचारलं तर एडिटर चिडेल. असा मेल करायच्या आधी जर्नलच्या वेबसाईटवर पहिल्या निर्णयाला सरासरी किती दिवस लागतात ते दिलेलं असेल तर बघून घ्या, तेवढे उलटले असतील तर बिनधास्त विचारा.

आणि कंटाळून दुसऱ्या जर्नलला पाठवून देऊ असं मनात आलं तरी तसं करू नका. आधी लेखी विथड्रॉ करायचं, त्यांचं कन्फर्मेशन हातात येऊ द्यायचं, मगच दुसरीकडे. एकच पेपर एकाच वेळी दोन जर्नलकडे असणं हे गैरवर्तनच धरलं जातं, आणि सगळ्या को-ऑथरची नावं त्यात येतात.

पुढे ‘रिक्वायर्ड रिव्ह्यूज कम्प्लीटेड’ लागलं, म्हणजे हवे तेवढे रिव्ह्यू आले, आणि सहा दिवसांनी मेजर रिव्हिजन आली, म्हणजे मोठे बदल करून परत पाठवा. तिसऱ्या रिव्ह्यूअरने माझ्या मेथड सेक्शनवर दीड पान लिहिलंय, इतकं बारकाईने की वाट बघितल्याचं वाईट वाटत नाही. सुधारून पाठवलं, नंबरच्या शेवटी आर१ (पहिली सुधारित आवृत्ती) लागलंय. आज सकाळी बघितलं तेव्हा तयार १, पूर्ण ०, तारीख कालची.