ग्लुकोज सेन्सर आणि विमा कंपनीचे नकार: काही महिन्यांच्या वापरानंतर

दंडावर चिकटवून चोवीस तास फोनवर शुगर दाखवणारा सेन्सर कसा लावायचा, अ‍ॅप कसं जोडायचं याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. तो पदरात कसा पाडून घ्यायचा, हे मात्र मराठीत कुठे सापडलं नाही. म्हणून सेन्सरबद्दल थोडक्यात आणि विमा कंपनीशी घातलेल्या वादाबद्दल सविस्तर लिहिते.

मी न्यू जर्सीत राहते. टाइप २ डायबेटिस, सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी आणि रात्री दिवसभर पुरणारं इन्सुलिन, एकदाच. विमा नवऱ्याच्या नोकरीतून आहे. एंडोक्रिनॉलॉजिस्टने सेन्सर लिहून दिला, फार्मसीने प्रायर ऑथरायझेशन, म्हणजे विमा कंपनीची आगाऊ मंजुरी, हवं म्हणून सांगितलं, डॉक्टरांच्या ऑफिसने फॉर्म पाठवला आणि नकार आला.

पत्र चांगलं जाडजूड होतं. शेवटची पानं म्हणजे "तुमच्या भाषेत मदत हवी असल्यास" ही सूचना स्पॅनिशपासून गुजराती, हिंदी, उर्दूपर्यंत (मराठी नाही, सवय आहे). नकाराचं कारण दुसऱ्या पानावर जेमतेम तीन ओळींत: रुग्ण दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेत नाही, त्यामुळे निकष पूर्ण होत नाहीत. माझ्या मते सगळं अपील या तीन ओळींवर उभं असतं. बाकी पत्र वाचलं नाही तरी चालेल, या ओळी मात्र शब्दन् शब्द वाचायच्या.

कारण नकार सगळे एका जातीचे नसतात. "हा ब्रँड यादीत नाही" असं असेल तर अपील करूच नका. डॉक्टरांकडून यादीतल्या ब्रँडचं प्रिस्क्रिप्शन घ्या, आठवड्यात काम होतं. कधीकधी तोच सेन्सर फार्मसीच्या खात्यातून नाकारला जातो आणि वैद्यकीय उपकरणांच्या खात्यातून, म्हणजे डीएमई सप्लायरकडून, मिळतो. कधी फॉर्मवरचा निदानाचा कोड आडवा येतो. ई११.९ म्हणजे कुठलीही गुंतागुंत नसलेला टाइप २. शुगर खाली जात असेल तर ई११.६४९ हवा आणि इन्सुलिन चालू असल्याचा झेड७९.४ सोबत हवा. डॉक्टरांच्या ऑफिसात कोड भरणारी व्यक्ती घाईत असते, आणि पलीकडे वाचणाऱ्याला कोडापलीकडे काही दिसत नाही.

माझा नकार मात्र सरळ निकषांवरचा होता. म्हणून आधी निकषच मागवले. नोकरीतून मिळालेल्या प्लॅनमध्ये ज्या नियमांच्या आधारे नकार दिला ते नियम आणि तुमची सगळी फाइल फुकट मागायचा हक्क कायद्याने मिळतो. फोनवरची मुलगी आधी "सगळं वेबसाइटवर आहे" म्हणाली. लेखी मागणी केल्यावर मुकाट्याने पाठवलं. त्यात निघालं काय, तर सेन्सरला दोन दारं होती. एक, दिवसातून अनेक इंजेक्शनं. किंवा दोन, ५४ च्या खाली वारंवार जाणारी शुगर, औषधं बदलूनही न थांबलेली. आमच्या फॉर्मवर फक्त पहिल्या दाराचा रकाना भरलेला होता.

पण पहाटे तीनला शुगर खाली जाते हे सेन्सरशिवाय सिद्ध कसं करणार? घामाघूम होऊन जाग येते, बोट टोचायचं भान नसतं, समोर असेल ते गोड तोंडात टाकलं जातं आणि मग मीटर ११० दाखवतं. यावर डॉक्टरांनी काढलेला मार्ग मला फार आवडला. क्लिनिकच्या मालकीचे सेन्सर असतात; ते तपासणी म्हणून दोन आठवडे लावतात आणि त्याचं बिल वेगळ्या कोडखाली जातं. ते विम्याने बिनबोभाट दिलं. रिपोर्टमध्ये पहाटेच्या रेषा ५४ च्या खाली बुडालेल्या स्पष्ट दिसत होत्या, आणि तेही इन्सुलिन एकदा कमी केल्यानंतर. "एवढं होत होतं आणि मी शेजारी घोरत होतो?" हे म्हणाले.

त्याआधी डॉक्टरांनी विमा कंपनीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून पाहिलं होतं. त्याला पीअर टू पीअर म्हणतात. काही उपयोग झाला नाही. पलीकडच्या डॉक्टरांचं क्षेत्रच वेगळं होतं. एक लक्षात ठेवा: अपिलाच्या टप्प्यावर, पहिल्या नकारात सामील नसलेल्या आणि त्या विषयाचं योग्य शिक्षण असलेल्या वैद्यकीय तज्ज्ञाचं मत घेणं नोकरीच्या प्लॅनवर बंधनकारक आहे. पत्रात हे एका वाक्यात मागून घ्यावं.

अपिलाचं पत्र एक पानाचं. माझ्या पहिल्या मसुद्यात मुलाची शाळा, पहाटेची भीती सगळं होतं. डॉक्टरांच्या नर्सने ते वाचून "हे तुमच्या डायरीत ठेवा" म्हणून परत दिलं. राहिलं ते असं: वर कंपनीच्याच धोरणातलं वाक्य जसंच्या तसं, त्याखाली रिपोर्टचा पान क्रमांक, मग पुढचं वाक्य, पुढचं पान. डॉक्टरांनी स्वतःच्या पत्रात दोन आधार जोडले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला 'मोबाइल' नावाचा अभ्यास: माझ्यासारखेच फक्त दीर्घकालीन इन्सुलिनवरचे १७५ टाइप २ रुग्ण, आठ महिन्यांत सेन्सर वापरणाऱ्यांचं सरासरी एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी तपासणी) ९.१ वरून ८.० वर आलं, बोट टोचणाऱ्यांचं ९.० वरून ८.४ वर. दुसरा आधार मेडिकेअरचा, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याचा. एप्रिल २०२३ पासून मेडिकेअर इन्सुलिन किती वेळा घेता हे विचारत नाही. घेता एवढं पुरतं. खासगी प्लॅनला ते बंधनकारक नाही, पण सरकारने सोडलेली अट तुम्ही का धरून बसलात, हा प्रश्न कागदावर येतो.

मुदती पाठ असाव्यात. नकार मिळाल्यापासून अपिलाला १८० दिवस. उपचार सुरू व्हायचा असेल तर कंपनीला निकालासाठी जास्तीत जास्त ३० दिवस, तातडीचं प्रकरण असेल तर ७२ तास. मला हो आलं, पण सहा महिन्यांपुरतं.

आता सेन्सरबद्दल. पहिल्या दिवशी आकडे भरकटतात, त्यावर औषध बदलू नये. तो रक्तातली नाही, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून चढ-उतार काही मिनिटं मागाहून दिसतात. दंडावर वजन देऊन झोपलं की खोटा 'लो', म्हणजे शुगर खाली गेल्याचं, दाखवून ठणाणा करतो. अशा वेळी बोट टोचून खात्री करायची. काही सेन्सर व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसने जास्त आकडा दाखवतात, हे माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतं. उन्हाळ्यात घामाने कडा सुटतात, वरून चिकटपट्टी लावावी लागते. एवढं सोडलं तर मी खूश आहे. शुगर ७० ते १८० च्या मध्ये राहण्याचा वेळ सत्तर टक्क्यांवर गेला. चतुर्थीची साबुदाणा खिचडी बंद झाली; तो उभा सुळका एकदा फोनवर पाहिल्यावर कुणी समजवायची गरज उरली नाही. रात्रीचं इन्सुलिन आणखी कमी झालं, गोळी सुटली आणि पहाटेचे 'लो' थांबले.

आणि नेमकं तेच अंगाशी आलं. नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा नकार: गेल्या काही महिन्यांत ५४ च्या खाली नोंदी नाहीत, म्हणून गरज सिद्ध होत नाही. म्हणजे चष्म्याने दिसायला लागलं म्हणून चष्मा काढून घ्या. खरं सांगते, पहिल्या नकारापेक्षा याचा संताप जास्त आला. पुण्याच्या ताईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, इथे केमिस्टकडे जायचं, पैसे टाकायचे, लावायचं. तुमच्याकडे एवढे कागद कशाला?" तिला तो सगळा खर्च खिशातून करावा लागतो हे ती सोयीस्करपणे विसरते, पण त्या दिवशी मला तिचंच बरं वाटलं.

या वेळी कंपनीने आतलं अपीलही फेटाळलं. मग बाह्य पुनरावलोकन, म्हणजे एक्स्टर्नल रिव्ह्यू. अंतिम नकारानंतर चार महिन्यांत मागायचं असतं. फाइल विमा कंपनीबाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडे जाते, ४५ दिवसांत निकाल येतो आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. आमचा प्लॅन सेल्फ-फंडेड निघाला, म्हणजे दाव्यांचे पैसे नवऱ्याची कंपनीच भरते आणि कार्डावर नाव असलेली विमा कंपनी फक्त कारभार पाहते. अशा प्लॅनला राज्याचे डायबेटिसचे विमा नियम लागू होत नाहीत, १९७४ चा एरिसा हा केंद्रीय कायदा लागतो. त्यामुळे राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार करण्यात वेळ घालवण्याआधी एचआरला "प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का" एवढं विचारा. तसा असेल तर एचआरच्या शब्दाला वजन असतं, तेही वापरा. बाह्य पुनरावलोकन मात्र अशा प्लॅनलाही आहे.

आम्ही डॉक्टरांकडून एकच नवीन पत्र घेतलं: 'लो' थांबले ते सेन्सर पाहून डोस बदलल्यामुळे, तो काढला तर पुन्हा आंधळेपणाने इन्सुलिन द्यावं लागेल. निकाल आमच्या बाजूने लागला, कारणमीमांसाही जवळजवळ हीच.

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर वेळी कुणीतरी सुचवतं, की प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळणारा सेन्सर घेऊन टाका. २०२४ पासून तसे मिळतात, स्टेलो त्यातलाच, महिन्याला ९९ डॉलर. पण तो इन्सुलिन न घेणाऱ्यांसाठी आहे आणि शुगर खाली गेल्याचा अलार्म देत नाही. मला ज्यासाठी हवा तेच त्यात नाही. फक्त गोळ्यांवर असाल तर विचार करा.

केएफएफ या आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये हेल्थकेअर डॉट गव्ह या सरकारी विमा बाजारातल्या प्लॅन्सनी नेटवर्कमधले १९ टक्के दावे नाकारले, आणि नाकारलेल्यांपैकी एक टक्क्याहून कमी दाव्यांवर लोकांनी अपील केलं. अपील केलेल्यांतही निम्म्याहून जास्त वेळा कंपनीचा नकार कायम राहिला. तेव्हा हमखास जिंकाल असं मी म्हणणार नाही.

सध्याची मंजुरी वर्षभराची आहे. जानेवारीपासून नवऱ्याची कंपनी विमा बदलणार अशी कुजबुज आहे. नव्या प्लॅनची औषधांची यादी आणि सेन्सरचे निकष एचआरकडे आत्ताच लेखी मागितले आहेत. उत्तर अजून यायचंय.