रेझिनचा स्तंभ की गॅमाचा आलेख?

बीडकडच्या बोअरच्या पाण्यात किरणोत्सारी काय आहे हे बघायचं, तर मी आधी गॅमा वर्णपटमापकच, म्हणजे गॅमा किरणांच्या ऊर्जेचा आलेख काढणारं यंत्रच निवडेन. नमुना डब्यात भरा, डिटेक्टरवर ठेवा, थांबा. आलेखात १४६१ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेला शिखर आलं की पोटॅशियम-४०, ६६२ ला सीझियम-१३७. पण रेडियम-२२६ आणि युरेनियम-२३५ दोघंही १८६ च्या आसपास, एकमेकांत मिसळलेले. आणि स्ट्रॉन्शियम-९० तर गॅमा सोडतच नाही!

तिथे आयन-विनिमय कामी येतो. रेझिनच्या, म्हणजे पाण्यातले आयन (विद्युतभारित अणू) धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांच्या स्तंभातून पाणी थेंब-थेंब सोडायचं, मग आम्लाने एकेक मूलद्रव्य उतरवायचं. वेळखाऊ काम. त्यात आपलं पाणी जड. नळाच्या तोटीवर पांढरा थर चढवणारं कॅल्शियमच रेझिनवर आधी जागा धरून बसतं. शिवाय एकाच मूलद्रव्याची समस्थानिकं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, हा स्तंभ वेगळी करून देत नाही, ती ओळखायला पुन्हा डिटेक्टरच.