वाघीण सोडवायला चुंबक की बांबूची काडी?

चार फूट बाय एक फुटाच्या फळीवर माझ्या मॉडेल रेल्वेचं एन स्केलचं (खऱ्याच्या साधारण १/१६० आकाराचं) इंगलनुक यार्ड, म्हणजे मालडबे क्रमाने लावण्याच्या कोड्याचं यार्ड, आहे. तीन सायडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ), आठ वाघिणी (म्हणजे मालडबे) आणि डबे हलवणारं एक शंटिंग इंजिन. त्यातल्या पाच वाघिणी चिठ्ठ्या काढून ठरलेल्या क्रमाने लावायच्या, एवढाच खेळ. पण एका डावात पंधरा-वीस वेळा तरी वाघीण सोडवावी लागते. म्हणजे सोडवण्याची रीत चुकली तर खेळायला उरतंच काय?

मी सुरुवात रुळांखालच्या कायम चुंबकांनी केली, आणि त्यांची जादू खरी आहे. कपलर, म्हणजे दोन वाघिणी जोडणारे पंजे, चुंबकावर आणून किंचित मागे ढकललं, ताण सैल झाला, की खालच्या तारेच्या पिना दोन बाजूंना ओढल्या जातात आणि पंजे उघडतात. मग जरा पुढे घेऊन पुन्हा ढकललं, की उघडे पंजे एकमेकांत न अडकता वाघिणीला सायडिंगमध्ये हवं तिथे नेऊन सोडतात. हात न लावता पहिली वाघीण गोदामासमोर उभी राहिली, तो आनंद मी विसरलेलो नाही.

पण कायम चुंबक कधी झोपत नाही. गाडी ताणात असेल तर ती त्याच्यावरून निर्धास्त जाते, हे खरं. आपल्या या हलक्या वाघिणींत तो ताण टिकतो कुठे? रुळावर जरा धूळ असली, इंजिन क्षणभर अडखळलं, की मागच्या वाघिणी पुढे येतात. ते नेमकं चुंबकावर झालं, की गाडी तुटते. इंजिन दोन वाघिणी घेऊन पुढे, तीन मागे. माझे दोन्ही चुंबक सांध्यांच्या (एका रुळावरून दुसऱ्यावर वळायच्या जागांच्या) तोंडाशी होते, म्हणजे इंजिन हमखास हळू होतं तिथेच. त्यात काही वाघिणींचे आस पोलादी निघाले. चुंबकाजवळ उभी केलेली वाघीण आपसूक सरकून त्याच्यावर जाऊन बसायची. आस बदलले, वजन घातलं, पिनांची उंची जुळवली. पिन जराशी खाली आली तर सांध्यात अडकायची, वर गेली तर चुंबकाला दाद देईना. चार रविवार यात गेले, आणि खेळायला बसताना मनात धाकधूक असायची, ती गेलीच नाही.

विद्युतचुंबकाने हा दोष जातो, कारण बटण दाबाल तेवढाच तो जागा असतो. मित्राच्या लेआउटवर तो मला आवडलाही. मात्र फळीला मोठं भोक पाडावं लागतं, वायरिंग वाढतं, आणि बटण फार वेळ दाबून ठेवलं तर कॉइल तापते. शिवाय जागा ठरलेलीच राहते.

शेवटी मी कबाबची बांबूची काडी उचलली. टोक बारीक पॉलिश पेपरवर घासून स्क्रूड्रायव्हरसारखं चपटं केलं. ती वरून दोन पंज्यांच्या मध्ये घालून हलकेच पिळायची, की पंजे सुटतात. तेही यार्डात कुठेही. खऱ्या यार्डात स्क्रू कपलिंग सोडवायला माणूस दोन डब्यांच्या मध्ये उतरतोच, त्यामुळे मला ते उपरं वाटत नाही. काही दिवसांनी पिना कापून टाकल्या, तेव्हा सांध्यांवरचं अडखळणंही थांबलं.

काडी सगळ्यांना सोयीची पडेल असं मी म्हणणार नाही. वरून चांगला उजेड हवा, हात स्थिर हवा. जोरात पिळलं तर वाघीण रुळावरून उतरते. फळी दोन फुटांहून रुंद असेल, किंवा सायडिंग पुलाखाली वा इमारतीमागे असेल, तर तेवढ्या जागेपुरता विद्युतचुंबक बसवणं शहाणपणाचं. पंज्यांऐवजी जुने रॅपिडो हुक (जुन्या पद्धतीचे चौकोनी आकडे) असतील तर काडी फारशी कामाची नाही, आधी कपलर बदलावे लागतील.

पण फळी अरुंद आणि हाताशी असेल, तर भोकं पाडण्याआधी महिनाभर काडीने खेळून बघा. पिना मात्र तोवर कापू नका.