लातूरची घरगुती खानावळ : घरापासून दूर राहणाऱ्यांसाठी
रत्नागिरीहून नोकरीनिमित्त लातूरला आल्यावर पहिले काही महिने मला अन्न गोड लागत नव्हते; भात आणि आमसुलाच्या सारावर वाढलेल्या माणसाला दोन्ही वेळची ज्वारीची भाकरी परकी वाटणे साहजिकच होते. औसा रस्त्यालगतच्या या खानावळीत मात्र इथल्या ताटाशी माझी ओळख झाली. निलंगा तालुक्यातील ज्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिचे वरण येथे अधूनमधून असते. पण खरी चव येसर आमटीची. धान्ये, डाळी आणि मसाले भाजून दळलेले येसर पाण्यात कालवून फोडणीत सोडतात. पहिल्या दिवशी मावशींनी स्वतः भाकरी कुस्करून, मधोमध आळे करून त्यात आमटी ओतली आणि “आसं खा लेकरा, गरम हाय तवर,” असे म्हणाल्या, तेव्हा आईच्या आठवणीने माझा घास घशातच अडकला.

भात मात्र मोजकाच मिळतो, आणि ज्या रविवारी रात्री एकट्या खोलीत घर सर्वाधिक आठवते, नेमकी तेव्हाच खानावळ बंद असते, ही उणीव मला फार जाणवते. येसर आमटी गुरुवारी असते. आठच्या आत पोहोचावे.