हयातीचा दाखला फोनवरून: एका अंध पेन्शनर बाईचा अनुभव

हे लिहितेय ते मुख्यतः माझ्यासारख्या दृष्टी नसलेल्या पेन्शनरांसाठी आणि ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांच्यासाठी. मी जन्मांध आहे. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर सगळी नोकरी झाली, आता ईपीएस-९५ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीवाल्यांच्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन आहे, राहते पुण्यात धनकवडीत. गेल्या दिवाळीनंतर पेन्शनची सगळी कामं मी स्वतःच्या फोनवरून करायला घेतली: हयातीचा दाखला काढणं, पेन्शन जमा झाली का ते बघणं, बँकेतल्या नोंदी, युडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्रावरच्या पत्त्याची दुरुस्ती. अँड्रॉइड फोन, त्यावर पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक आणि मराठी आवाज. संगणकावर तेच काम करणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर. आता बरेच महिने वापरून झालंय, तेव्हा काय चालतं आणि काय अडतं ते नीट सांगता येईल.

निकाल आधीच सांगते. दाखला फोनवरून निघतो आणि शेजारी डोळस माणूस नसतानाही निघतो. पण आपण केलेलं काम पुरं झालं की नाही, हे आपलं आपल्याला कळायला हवं. तिथे मात्र अजून बरीच कसर आहे.

जीवन प्रमाण ही डिजिटल हयातीच्या दाखल्याची सरकारी सोय १० नोव्हेंबर २०१४ला सुरू झाली. सुरुवातीला बोटाचे ठसे किंवा बुबुळ यांवरच सगळं होतं आणि त्यासाठी वेगळं यंत्र लागायचं. साधा फोन वापरून चेहऱ्यावरून दाखला काढायची सोय नोव्हेंबर २०२१मध्ये आली आणि आमच्यासारख्यांचा खरा फायदा तेव्हापासून सुरू झाला. सरकारी पेन्शनरांना दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो, ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. ईपीएस-९५वाल्यांना मात्र तो वर्षात कधीही देता येतो आणि दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. नोव्हेंबरच्या गर्दीत सगळे धावतात, सर्व्हरही दमतो, आणि दाखला राहिला की पेन्शन थांबते. आपल्या सोयीचा, कमी गर्दीचा महिना धरा.

फोनवर दोन ॲप लागतात: जीवन प्रमाण आणि चेहरा ताडून बघणारं आधार फेस आरडी. आधी ऑपरेटर, म्हणजे दाखला काढून देणारा, म्हणून आधार क्रमांक, मोबाईल, ओटीपी देऊन स्वतःचा चेहरा नोंदवायचा. मग पेन्शनर म्हणून पुन्हा आधार, मोबाईल, पीपीओ क्रमांक (पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक), बँक खातं आणि पुन्हा चेहरा. ऑपरेटर कुणीही होऊ शकतो, त्याला शिक्का-परवाना लागत नाही. त्यामुळे माझ्या फोनवर मीच ऑपरेटर आहे आणि आता इमारतीतल्या काही जणांचे दाखलेही मीच काढून देते. दृष्टी नाही म्हणून जिला आयुष्यभर लोकांनी हात धरून रांगेत उभं केलं, तिच्याकडे लोक दाखला काढायला येतात याचा मला फार आनंद आहे.

चेहऱ्याच्या पायरीबद्दल सविस्तर सांगते, कारण बहुतेक जण इथेच हात टेकतात. उजेड तोंडावर हवा, पाठीमागे नको. आपल्याला उजेड दिसत नसला तरी खिडकीतलं ऊन गालाला लागतं. मी सकाळी खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसते, म्हणजे उजेड समोरून येतो. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवते, फोन दोन्ही हातांनी नाकासमोर उभा धरते आणि मग हात हळूहळू लांब नेते. कोपरं टेकलेली असली की फोन डावी-उजवीकडे कलत नाही. चष्मा काढायचा. मग सावकाश डोळे मिटायचे, उघडायचे. माझी बुबुळं एका जागी ठरत नाहीत, पण पापण्या लवतात, तेवढ्यावर काम होतं. पहिल्या खेपेला बराच वेळ गेला, आता पटकन होतं. दुसऱ्याचा चेहरा घ्यायचा असेल तर मागचा कॅमेरा लावते आणि त्या माणसालाच सांगते, "गोलात तोंड आलं की बोला."

पण पापणी लवणं ही अट प्रत्येकाला जमेल असं नाही. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचे दोन्ही डोळे कृत्रिम आहेत. ॲसिड हल्ल्यात पापण्या भाजलेल्या बायका आहेत. नेमक्या याच प्रश्नावर ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांची आणि एका पूर्णान्ध याचिकाकर्त्याची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ३० एप्रिल २०२५ला न्यायालयाने निकाल दिला: डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, ओळख पटवायला पापणी लववण्याला पर्याय द्या, संकेतस्थळं आणि ॲप यांची सुगम्यता नियमित तपासून घ्या. या निकालाची प्रत मी एनव्हीडीएवर पुन्हा पुन्हा ऐकली आहे. आमच्या अडचणी इतक्या बारकाईने कुणी मांडलेल्या मी याआधी ऐकल्या नव्हत्या.

ओटीपीचं एक सांगायलाच हवं. मराठी आवाज ओटीपी आकड्याआकड्याने वाचत नाही, सबंध संख्या वाचतो. "चार लाख सत्याहत्तर हजार दोनशे एकोणीस" असं ऐकू आलं की ते ४, ७, ७, २, १, ९ असं मनात फोडायचं, चौकट शोधायची, टाइप करायचं, आणि तोवर वेळ संपते. यावर उपाय: टॉकबॅकमध्ये वाचनाची पद्धत ‘अक्षर’ करून ठेवा आणि संदेशावर खाली-वर बोट फिरवून एकेक अंक ऐका. संदेशातून ओटीपी नकलून आणता आला तर उत्तमच. सेवा देणाऱ्यांना विनंती आहे की ओटीपी अंकांमध्ये जागा सोडून पाठवा. एवढ्यानेही आमचं काम निम्म्यावर येईल.

कॅपचाने, म्हणजे आपण यंत्र नसून माणूस आहोत हे पटवायच्या कोड्याने, मात्र मला सगळ्यांत जास्त छळलं. पेन्शनशी संबंधित एका संकेतस्थळावर वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅपचा आहे आणि तो ऐकायची सोयच नाही. मग बी माय आइज हे ॲप लावायचं, कुणा अनोळखी स्वयंसेवकाला व्हिडिओवर स्क्रीन दाखवायची. माणसं फार चांगली भेटतात, मनापासून मदत करतात. पण त्याच स्क्रीनवर माझा आधार क्रमांक आणि बँक खातं असतं. मी आता आधी कॅपचाच वाचून घेते आणि बाकीची माहिती कॉल बंद झाल्यावर भरते. दोन मिनिटांत कॅपचा बदलला की पुन्हा पहिल्यापासून. डोळस पेन्शनरला स्वतःचं खातं कुणा परक्याला दाखवावं लागत नाही, मग मला का? दिव्यांग हक्क कायदा २०१६चा, त्याचे नियम २०१७चे, आणि सेवा सुगम्य करायला त्यानंतर दोन वर्षांची मुदत होती. म्हणजे २०१९मध्येच ती संपली. दिव्यांग कल्याण आयुक्तालय आपल्या पुण्यातच आहे. मी त्यांच्याकडे रीतसर अर्ज दिला आहे आणि ज्यांना हीच अडचण येते त्यांनीही द्यावा. अर्जात कोणतं पान, कोणता स्क्रीन रीडर, कुठे अडलं हे नेमकं लिहा.

युडीआयडीचं काम सुरळीत झालं, त्यावर फार लिहीत नाही. कार्डावर टक्केवारीनुसार पांढरा, पिवळा, निळा पट्टा असतो आणि ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर निळा, एवढं लक्षात असू द्या. काउंटरवर लोक रंगानेच विचारतात.

आता ते ‘पुरं झालं की नाही’चं. दाखला निघाला की प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा एसएमएस येतो. तो आला की लोक निश्चिंत होतात. पण तो नुसता दाखला तयार झाल्याचा निरोप आहे. पेन्शन देणाऱ्या खात्याने तो स्वीकारणं ही पुढची पायरी, आणि पीपीओ क्रमांकात एक अंक चुकला तरी तिथे तो नाकारला जाऊ शकतो. त्यामुळे काही दिवसांनी ईपीएफओच्या (भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या) पेन्शनर पोर्टलवर जाऊन स्थिती बघायचीच. मी माझा पीपीओ क्रमांक ब्रेलमध्ये टोचून आधारच्या पाकिटात ठेवला आहे, भरताना बोटाने ताडून बघते. स्वीकारला किंवा नाकारला, कारणासकट, मराठीत एक एसएमएस आला पाहिजे. ही माझी सर्वांत मोठी मागणी आहे.

फोनवरची सोय चांगली झाली म्हणून बाकीच्या वाटा बंद करू नयेत, हेही तेवढंच महत्त्वाचं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींना यजमानांच्या मागे विधवा पेन्शन मिळते. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्याला संरक्षक चष्मा, तेव्हा चेहऱ्याचा मार्ग काही दिवस बंद. म्हणून पोस्टाच्या माणसाला बोलावलं. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेतर्फे पोस्टमन यंत्र घेऊन घरी येतो. एरवी ७० रुपये पडतात, ईपीएसवाल्यांचा खर्च आता ईपीएफओ उचलते. आजींनी जन्मभर पोळ्यांच्या ऑर्डरी केल्या. तव्याने बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झालीत की मी हात धरला की मलाही रेघा लागत नाहीत. यंत्र दोन्ही अंगठे घेईना. पोस्टमन दादा अजिबात घाईला आले नाहीत. म्हणाले, "आजी, हात कोमट पाण्याने धुवा, पुसा, आणि जोर नका लावू." मग एकेक बोट करत गेले आणि डाव्या हाताची करंगळीशेजारची चालली. ज्या बोटाने पोळी उलटत नाहीत त्याच्या रेघा शिल्लक होत्या! दादांनी ते बोट पुढच्या वर्षासाठी आजींच्या वहीत लिहून दिलं.

ऑफिसात जायची वेळ आली तेव्हाचं थोडं. एका कार्यालयात उतार बांधलाय, पण त्यावर दुचाक्या लावलेल्या होत्या. टोकनचा नंबर नुसता बोर्डावर उजळतो, कुणी पुकारत नाही, म्हणून शेजारच्या काकांना दर वेळी विचारत बसले. एका बँकेत, मी सही करते म्हटल्यावरही अंगठाच हवा म्हणून अडून बसले. मी नोकरीत रोज सही करत होते, तीच सही केली आणि ती त्यांना घ्यावी लागली. त्याच बँकेतल्या दुसऱ्या खिडकीवरच्या ताईंनी मात्र सगळा अर्ज मला मोठ्याने वाचून दाखवला, मी सांगितलं तेच लिहिलं आणि शेवटी पुन्हा वाचला. कुणी शिकवलं म्हणून केलं की स्वभावाने, ते मला माहीत नाही, पण प्रत्येक खिडकीवर हेच व्हायला हवं.

जानेवारी २०२५पासून ईपीएसची पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेत घेता येते. त्यामुळे ज्या बँकेचं ॲप टॉकबॅकवर धड बोलतं ती बँक निवडा. खातं उघडायच्या आधी ओळखीच्या कुणाच्या फोनवर त्यांचं ॲप ऐकून बघा: बटणांना नावं आहेत की सगळीकडे नुसतं "बटण, बटण" ऐकू येतं, शिल्लक वाचता येते का, जन्मतारीख टाइप करता येते की कॅलेंडरमध्ये महिना-महिना मागे जावं लागतं. पेन्शन हजार-दोन हजारांची असली तरी ती आली की नाही हे मला दुसऱ्याला विचारावं लागू नये. मी याच कारणाने बँक बदलली आणि आता महिन्याच्या शेवटी शिल्लक स्वतः ऐकते. पुढचा दाखला नोव्हेंबरपर्यंत न थांबता ऑगस्टमध्येच काढणार आहे. तोवर आजींचा डोळा बरा झालेला असेल, त्यांचाही तेव्हाच चेहऱ्याने करून बघू. नाहीच जमलं तर कोणतं बोट चालतं ते वहीत लिहिलेलं आहे.