मांजरासाठी इसबगोल : स्वस्त, पण अर्धंच काम

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, मांजरं मुळातच पाणी कमी पितात, आणि शीच्या कोरड्या, टणक गोळ्या होतात. नवी पेठ असो की सात रस्ता, मेडिकलमध्ये मिळणारा बिनचवीचा इसबगोल त्यावर चांगला चालतो. पाव चमचा भुसा दोन-तीन चमचे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा. चिकट, थुलथुलीत झाला की ओल्या खाण्यात कालवा. कोरडा कधीच नको, घशात फुगून अडकू शकतो. संत्र्याच्या चवीचं पाकीट तर दुकानातच राहू द्या, त्यात साखर नाहीतर कृत्रिम गोडी असते.

मात्र याला प्रीबायोटिक, म्हणजे आतड्यातल्या चांगल्या जीवाणूंचं खाद्य, समजू नका. इसबगोल पाणी धरून ठेवतो. आतड्यातले जीवाणू तो फारसा आंबवत नाहीत. तो मान चिकोरीच्या मुळातल्या इन्युलिन या तंतूचा किंवा तशाच एफओएसचा (फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड). त्यांच्यापासून जीवाणू ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या पेशी त्यावर पोसतात. कॅट फूडच्या पाकिटावर हीच नावं शोधा. पण खाणं एकदम बदललंत तर गॅस आणि पातळ शी ठरलेली. आठवडाभरात हळूहळू वाढवा. दोन दिवस शी नाही, वर उलट्या? मग फायबर बंद, थेट पशुवैद्यांकडे.