बुलेटला साइडकार: अकरा महिने, सहा हजार किलोमीटर आणि एक ओळंबा

सप्टेंबरात दादर टीटीचा सिग्नल सुटला, काटा तिशीला पोचला आणि हँडल डावी-उजवीकडे असं फडफडायला लागलं की बुलेटच्या डाव्या बाजूला जोडलेल्या साइडकारमधून आई ओरडली, "अरे, मुद्दाम करतोयस का?" मुद्दाम! दोन्ही हातांनी आवळून धरलं तर आणखीच जोर. गॅस पिळून चाळिशीला नेलं तर आपोआप शांत, सोडला की पुन्हा सुरू. म्हणजे सांभाळून चालवणाऱ्यालाच शिक्षा. त्या दिवशी आईच्या व्यायामासाठी केईएम हॉस्पिटलला पोचेपर्यंत माझी मनगटंच व्यायामाला लावायची वेळ आली होती.

गाडी 2014 ची बुलेट 350. साइडकार गेल्या जुलैत बसवली, फिटिंग धरून 46 हजार. आईचा गुडघा बदललाय. मागच्या सीटवर पाय दुमडून बसणं तिला जमत नाही, साइडकारमध्ये मात्र पाय सरळ पसरून राणीसारखी बसते. एरवी नेहरूनगरहून केईएमला जायचं तर रिक्षा शीवपर्यंत, पुढे रिक्षाला बंदी, म्हणून टॅक्सी, आणि हे आठवड्यातून दोनदा. कार घेतली तर ठेवायला जागा नाही. बसवणाऱ्यांनी आरसी बुकात नोंद मात्र आधी करून घ्या, नंतर धावपळ नको.

साइडकारच्या सवयी सगळ्यांना ठाऊकच असतील. गॅस दिला की गाडी डावीकडे ओढते, ब्रेक मारला की उजवीकडे. रिकामी असताना डावं वळण जरा जोरात घेतलं की साइडकारचं चाक हवेत. त्यावर उपाय 25 किलोची वाळूची गोणी. पहिल्या पावसात वाळू भिजली आणि सीटखाली चिखल झाला. तेव्हापासून रिकामी गाडी न्यायची वेळ आली की वाण्याकडून तांदळाची गोणी येताना आणतो, एका फेरीत दोन कामं. हे सगळं आठवडाभरात अंगवळणी पडलं. हँडलची फडफड पडली नाही.

फिटरकडे तीन वेळा गेलो. दर वेळी अलायमेंटचे 600 रुपये. पद्धत अशी: एक डोळा मिटून मागून बघायचं, पाना फिरवायचा, हातोडीचे दोन ठोके, "काका, शंभर टक्के झालंय." तिसऱ्या वेळी म्हणाला, "साइडकार आहे, थोडं हलणारच, सवय होईल." सवय मला तेव्हा झाली नव्हती आणि अजूनही करून घ्यायची नाही. घरी येऊन पुढच्या टायरवरून हात फिरवला तर एका बाजूने करवतीसारखा लागला. 2,800 किलोमीटरला!

मग रविवारी कंपाउंडमध्ये स्वतःच बसलो. सामान: शेजारच्या इमारतीत काम करणाऱ्या गवंड्याचा ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन, सरळ उभी रेषा बघायला), त्याच्याच दोन लांब ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, मोजपट्टी. एक पट्टी बुलेटच्या दोन चाकांना लावून, दुसरी साइडकारच्या चाकाला. पुढचं आणि मागचं अंतर मोजायचं, पुढे 10 ते 20 मिलिमीटर कमी यायला हवं. म्हणजे साइडकारचं चाक किंचित आत वळलेलं. माझ्याकडे फरक निघाला 42. पण खरी गंमत पुढे. आई खाली आली होती मटार सोलायला. म्हटलं, ऊन आहे, साइडकारमध्येच बस. ती बसली, साइडकारची स्प्रिंग दबली आणि हेडलाइटजवळ टांगलेला ओळंबा सरकला. गाडी डावीकडे, साइडकारच्या अंगावर झुकली होती. झुकायला हवी उलट, एखादी डिग्री बाहेर, कारण आपले रस्ते डावीकडे उतरते असतात आणि गाडी तशीही तिकडेच जाते.

म्हणजे फिटरने रिकाम्या गाडीवर माप घेतलं होतं. आई बसल्यावर गाडी डावीकडे ओढते अशी मी तक्रार केली, तर त्याने झुकाव न बघता चाकच आणखी आत वळवलं. एक चूक दुसरीने तोलली. गाडी सरळ चालायची आणि टायर चोळून खायची. दोन तास लागले. आईने दोन किलो मटार सोलले, मी साइडकारला गाडीशी जोडणारे वरचे दोन्ही रॉड लांब करून ओळंबा एक मीटर उंचीला 20 मिलिमीटर बाहेर आणला आणि पट्ट्यांचा फरक 15 वर. "आता उठू का?" हे तिने चार वेळा विचारलं. माप माणूस बसवूनच घ्या, रोज जो बसतो तोच.

ओढ गेली. फडफड अर्धीच गेली.

इथे फिटरला दिलेल्या काही शिव्या परत घ्याव्या लागतात. चेंबूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने पुढचं चाक उचललं, हँडल हळूच फिरवलं आणि माझा हात त्यावर ठेवला. बरोबर मधोमध हँडल खाचेत बसल्यासारखं अडकत होतं. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलेला, गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडलेले. साइडकारचा ताण आडवा येतो आणि तो फोर्कमधून, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांमधून, याच्यावरच बसतो. गोळ्यांऐवजी निमुळत्या रोलरचं, टेपर रोलर बेअरिंग घातलं, मजुरीसह 1,900. वर हँडलचे झटके शोषणारा स्टीअरिंग डॅम्पर. डॅम्पर रोग बरा करत नाही, दाबून ठेवतो, म्हणून तो शेवटी लावा. आता तिशीला हँडल एका हाताने धरता येतं.

फोर्कवर माझा एक शहाणपणा फसला. ब्रेकला पुढची बाजू फार खाली बसायची, म्हणून प्लंबरकडचा पीव्हीसी पाइप कापून स्प्रिंगवर 20 मिलिमीटरचा तुकडा घातला. स्प्रिंग त्याने कडक होत नाही, फक्त कमी बसते. नाक उचललं गेलं, फोर्क आणखी तिरका झाला, ट्रेल (हँडलच्या दांड्याची रेषा जमिनीला जिथे टेकते तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) वाढला आणि हँडल जात्यासारखं जड. तुकडा अर्धा कापला, तेल जरा घट्ट भरलं, तेव्हा मधला मार्ग निघाला.

जड हँडल आणि बुडणारं नाक, दोन्हीचं खरं औषध लीडिंग लिंक फोर्क, म्हणजे चाक पुढे आलेल्या झुलत्या दांड्यांवर धरणारा. ट्रेल कमी, ब्रेकला नाक फारसं बुडत नाही. बीएमडब्ल्यूने 1955 पासून आपल्या अर्ल्स फोर्कला (तोही याच जातीचा) चाकाचे दांडे बसवायला दोन जागा दिल्या होत्या, एक साध्या चालवण्याला, एक साइडकारला. एका फॅब्रिकेटरने 28 हजार सांगितले. सहा हजारांत हँडल शांत झालंय, म्हणून मी नाही म्हटलं, आणि पुढच्या चाकाचं वजन कुणाच्या वेल्डिंगवर सोपवायला जीवही होत नाही. मग मित्राची तशी गाडी घोडबंदर रोडला चालवली. दोन बोटांनी वळते. खूप राग आला.

तरी घेणार नाही. पुढचा टायर मात्र बदलायला झालाय, तेवढा खर्च तरी होणारच. पावसाआधी बदलीन. जुना गवंड्याला देतोय, ओळंबा अजून माझ्याकडेच आहे.